पेशीच्या दारावरचा पहारेकरी

खराडीत आता जुनं गाव शोधावं लागतं. नगर रस्त्यावरून आत वळलं की काचेच्या उंच इमारती, आयटी पार्क आणि प्रत्येक सोसायटीच्या फाटकावर गणवेशातला पहारेकरी. पण गावठाणाच्या बाजूला अजून काही घरं अशी आहेत, की ज्यांच्या ओट्यावर सकाळच्या उन्हात म्हातारी माणसं बसलेली दिसतात. त्यांतले एक आमचे तात्या. वय सत्तरीच्या आसपास. शेती होती तोवर शेती केली. जमीन गेल्यावर काही वर्षं एका सोसायटीच्या फाटकावर राखणदारी केली. तंबाखूची पुडी आणि चुन्याची डबी मात्र दोन्हीकडे त्यांच्या सोबत राहिली.

तीन वर्षांपूर्वी एका संध्याकाळी तात्या फाइल घेऊन माझ्याकडे आले. डाव्या गालाच्या आतला तुकडा काढून तपासायला पाठवला होता, त्याचा अहवाल आला होता. कर्करोग आहे हे डॉक्टरांनी त्यांना सांगितलं होतं. त्यांना विचारायचं होतं ते वेगळंच. अहवालाच्या शेवटच्या ओळीवर बोट ठेवून ते म्हणाले, ‘‘सर, हितं पॉझिटिव्ह लिव्हलंय. म्हंजी चांगलं का वाईट?’’

ती ओळ होती ‘ईजीएफआर पॉझिटिव्ह’.

मी जन्मभर इतिहास शिकवला. वैद्यक माझा विषय नव्हे. ‘डॉक्टरांनाच विचारा’ एवढंच त्या दिवशी म्हणालो. तात्या गेले, पण प्रश्न माझ्याकडेच राहिला. ही चार अक्षरं आली कुठून? ती कोणी शोधली, कशासाठी शोधली आणि खराडीच्या एका म्हाताऱ्याच्या गालाशी त्यांचा संबंध काय? इतिहासाच्या माणसाला एवढं निमित्त पुरतं. पुढची दोन-तीन वर्षं मी त्या ओळीचा माग काढत राहिलो. मला जे सापडलं ते आज आपल्याला सांगणार आहे.

या गोष्टीची सुरुवात आपल्याकडे मुंबईत होते. परळला टाटा स्मारक रुग्णालय उघडलं ते २८ फेब्रुवारी १९४१ रोजी. तिथल्या प्रयोगशाळांचं काम पाहायला आले डॉ. वसंत रामजी खानोलकर. भारतातल्या विकृतिशास्त्राचा पाया घालणारे म्हणून आज त्यांचं नाव घेतलं जातं. खानोलकरांची सवय अशी, की समोर जो रुग्ण आहे त्याच्यापासून प्रश्न सुरू करायचा. १९४४ साली त्यांनी मुंबईतल्या तोंडाच्या कर्करोगाच्या ओळीने एक हजार रुग्णांचा आढावा प्रसिद्ध केला. माणूस कोणत्या भागातला, कोणत्या समाजातला, काय खातो, काय चघळतो, गाठ तोंडात नेमकी कुठे आली, अशा साध्या गोष्टींत त्यांना उत्तर शोधायचं होतं.

विड्याचा आणि तोंडाच्या कर्करोगाचा संबंध असावा, असं त्याआधीही काही डॉक्टरांना वाटलं होतं. त्रावणकोरात काम करणाऱ्या ऑर नावाच्या डॉक्टरांनी १९३३ साली ‘लॅन्सेट’मध्ये तसं लिहिलंही होतं. पण वाटणं वेगळं आणि हिशेबाने दाखवणं वेगळं. १९५५ साली एल. डी. संघवी, के. सी. एम. राव आणि खानोलकर या तिघांनी ‘ब्रिटिश मेडिकल जर्नल’मध्ये तो हिशेब मांडला. कर्करोग झालेली माणसं आणि न झालेली माणसं शेजारी ठेवून त्यांनी विडी ओढण्याच्या आणि तंबाखू चघळण्याच्या सवयी ताडून पाहिल्या. चघळणाऱ्यांचं दुखणं मुख्यतः तोंडात आणि ओढणाऱ्यांचं घशाच्या बाजूला, हा फरकही त्यातून पुढे आला.

पुढचं पाऊल आपल्या पुणे जिल्ह्यात पडलं. मुंबईच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेत दंतसंशोधनाचा एक विभाग होता. त्याचे प्रमुख फली मेहता आणि डेन्मार्कचे प्राध्यापक पिंडबोर्ग यांच्या चमूने गावोगाव फिरून लोकांची तोंडं तपासली. महाराष्ट्रातल्या तपासणीचे आकडे १९७२ साली प्रसिद्ध झाले. तपासलेले गावकरी होते १,०१,७६१. एक लाखाहून अधिक माणसांच्या तोंडात बॅटरीचा झोत टाकून पाहायचं, पांढरे चट्टे नोंदवायचे, मिशरी लावता का, तंबाखू खाता का, हे विचारायचं. तेव्हा खराडीही हवेली तालुक्यातलं एक गावच होतं. इथल्या घरोघरी चुलीवर तंबाखू भाजून मिशरी होई आणि बायका ती दात घासण्याच्या निमित्ताने तासन्‌तास तोंडात धरत. दातांना चांगली, असाच सगळ्यांचा समज.

म्हणजे आग कुठे लागते हे आपल्या माणसांनी शोधलं होतं. पण आग आत कशी पसरते? तंबाखूतली रसायनं पेशीतल्या जनुकांना इजा करतात, हे खरं. तरीही एक प्रश्न उरतोच. गालाच्या आतलं अस्तर रोज झिजतं, रोज भरून येतं. आपण गरम चहाने जीभ भाजून घेतो आणि चार दिवसांत विसरून जातो. तिथल्या पेशींना ‘आता वाढा’ आणि ‘आता पुरे’ असं कोणीतरी सांगत असलं पाहिजे. कर्करोगात तो ‘पुरे’ ऐकू का येत नाही?

हे पाहायचं तर पेशी शरीराबाहेर जिवंत ठेवता आली पाहिजे. भारतात ती विद्या रुजवणारी बाई पुण्याची. कमल समर्थ. वडील फर्ग्युसन महाविद्यालयात जीवशास्त्र शिकवत. मुलीचं शिक्षण हुजूरपागेत, मग फर्ग्युसनमध्ये आणि पुढे पुण्याच्याच कृषी महाविद्यालयात. लग्नानंतर त्या कमल रणदिवे झाल्या आणि मुंबईत खानोलकरांच्या हाताखाली संशोधनाला लागल्या. १९४९ साली पीएच.डी. झाल्यावर अमेरिकेत जॉन्स हॉपकिन्स विद्यापीठात जॉर्ज गाय यांच्याकडे गेल्या. माणसाच्या कर्करोगाच्या पेशी काचेच्या नळीत अखंड वाढवण्यात १९५१ साली ज्यांना यश आलं, ते हेच गाय. परत आल्यावर कमलताईंनी मुंबईच्या कर्करोग संशोधन केंद्रात ऊतिसंवर्धनाची देशातली पहिली प्रयोगशाळा उभी केली. पेशींना योग्य खाद्य, योग्य ऊब आणि जंतूंपासून संरक्षण दिलं, तर त्या बाटलीच्या तळाला चिकटून वाढतात. ऐकायला सोपं आहे. पण एक बुरशी शिरली की महिन्याची मेहनत वाया. त्या प्रयोगशाळेतून शिकलेली माणसं पुढे देशभर पसरली. १९८२ साली कमलताईंना पद्मभूषण मिळालं. २००१ मध्ये त्या गेल्या.

आता काही काळ आपल्याला मुंबई सोडून अमेरिकेत जावं लागेल, कारण तात्यांच्या अहवालातल्या चार अक्षरांचा जन्म तिथला. स्टॅन्ली कोहेन नावाचे जीवरसायनशास्त्रज्ञ उंदरांच्या लाळग्रंथींचा अर्क काढून तो नवजात उंदरांना टोचत होते. त्यांना एक चमत्कारिक गोष्ट दिसली. उंदराची पिल्लं जन्मतात तेव्हा त्यांचे डोळे मिटलेले असतात, ते उघडायला साधारण दोन आठवडे लागतात. अर्क टोचलेल्या पिल्लांचे डोळे एका आठवड्यात उघडले, दातही लवकर आले. दुसरा कोणी असता तर नोंद करून पुढे गेला असता. कोहेन थांबले. अर्कातलं नेमकं द्रव्य त्यांनी वेगळं काढलं आणि १९६२ साली जाहीर केलं. त्वचेच्या आणि अस्तरांच्या पेशींना ‘वाढा’ असं सांगणारं ते छोटं प्रथिन होतं. त्याला नाव मिळालं एपिडर्मल ग्रोथ फॅक्टर. या कामासाठी १९८६ साली कोहेन आणि रिटा लेव्ही-मॉन्टाल्चिनी यांना नोबेल पारितोषिक मिळालं. तोंडाच्या कर्करोगाच्या गोष्टीत मुख्य निरोप्या सापडला तो उंदराच्या तोंडातल्या लाळग्रंथीत, हा योगायोगही ध्यानात ठेवण्याजोगा.

पण निरोप आला की तो कोणीतरी घ्यावा लागतो. पेशीभोवती एक पातळ पटल असतं, आणि हा निरोप्या ते ओलांडून आत जाऊन आपलं काम करत नाही. तो दारावर थांबतो. १९७५ च्या सुमारास कोहेन आणि त्यांचे सहकारी ग्रॅहम कार्पेंटर यांनी पेशीच्या दारावरचा तो निरोप घेणारा शोधून काढला. तोही एक प्रथिनच. एपिडर्मल ग्रोथ फॅक्टर रिसेप्टर, म्हणजे वाढीचा निरोप घेणारा ग्राही. आद्याक्षरं घेतली की ईजीएफआर.

त्याचं काम समजून घ्यायला तात्यांच्याच जुन्या नोकरीचा दाखला घेऊ. सोसायटीच्या फाटकावर पहारेकरी असतो. बाहेरचा माणूस त्याच्याशी बोलतो. तो केबिनमधल्या इंटरकॉमवरून वरच्या मजल्यावर कळवतो. बाहेरचा माणूस बाहेरच राहतो, फक्त निरोप आत जातो. ईजीएफआर अगदी असाच आहे. त्याचं एक टोक पेशीच्या बाहेर, मधला थोडा भाग पटलात रुतलेला आणि दुसरं टोक पेशीच्या आत. बाहेरच्या टोकाला वाढीचा निरोप्या येऊन चिकटला, की शेजारशेजारचे दोन ग्राही जोडी जमवतात आणि आतली टोकं जागी होतात. मग पेशीच्या आत एकाने दुसऱ्याला, दुसऱ्याने तिसऱ्याला हात लावत निरोप केंद्रकापर्यंत पोचतो, ‘वाढा, दोनाचे चार व्हा’. जखम भरून आली की निरोपे येईनासे होतात, पहारेकऱ्याला पेशी आत ओढून घेते आणि सगळं शांत होतं. निरोगी शरीरात हा फार शहाणा कारभार आहे.

तो बिघडतो कसा, याचं पहिलं ठळक उत्तर १९८४ साली मिळालं. लंडनमध्ये मायकेल वॉटरफिल्ड यांच्या गटाच्या लक्षात आलं, की या ग्राहीची रचना कोंबड्यांना रक्ताचा कर्करोग देणाऱ्या एका विषाणूतल्या जनुकाशी जुळते. फरक एवढाच, की विषाणूच्या प्रथिनाला बाहेरचं टोक जवळजवळ नाहीच. निरोप घेणारा कान कापलेला, पण इंटरकॉम चालू! कोणी आलेलं नसतानाही वर सतत घंटी वाजते आहे. त्याच वर्षी ॲक्सेल उलरिश आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी मानवी ग्राहीची संपूर्ण रचना उलगडली. पेशीच्या दारावरचं एक प्रथिन बिघडलं तर कर्करोगाला वाट मिळते, ही गोष्ट आता अंदाजाची राहिली नाही.

तोंडाच्या कर्करोगात मात्र सहसा पहारेकऱ्याचा कान कापलेला नसतो. तिथे पहारेकऱ्यांची गर्दी झालेली असते. एका फाटकावर एकाऐवजी पन्नास पहारेकरी बसवले आणि प्रत्येकाच्या हातात इंटरकॉम दिला, तर वरच्या माणसांना झोप लागेल का? आणि ही गर्दी एका रात्रीत होत नाही. १९९४ साली अमेरिकेत ह्यूस्टनच्या संशोधकांनी मान-डोक्याच्या कर्करोगाचे नमुने तपासले, तेव्हा त्यांना गाठीशेजारच्या, वरवर धडधाकट दिसणाऱ्या अस्तरातही हा ग्राही वाढलेला आढळला. पेशींची ठेवण बिघडू लागलेल्या भागात तो आणखी जास्त आणि प्रत्यक्ष कर्करोगात सर्वांत जास्त.

हे वाचलं तेव्हा मी पुस्तक मिटून थोडा वेळ बसून राहिलो. कारण तात्यांनी मला नंतर सांगितलं होतं, की गालातला पांढरा चट्टा दोन वर्षं तसाच होता. दुखत नव्हता, म्हणून दाखवला नाही. त्या दोन वर्षांत तात्या रोज सकाळी गालाच्या त्याच कोपऱ्यात तंबाखूचा बार भरत होते, आणि आत फाटकावरची गर्दी वाढत असणार.

या गर्दीचा रुग्णाच्या आयुष्याशी काय संबंध? १९९८ साली पिट्सबर्गच्या जेनिफर ग्रँडिस आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी मान-डोक्याच्या कर्करोगाच्या ९१ रुग्णांच्या गाठींत हा ग्राही आणि त्याला जागवणारं दुसरं एक प्रथिन किती आहे, ते मोजलं. ज्यांच्या गाठीत ती जास्त, त्यांचं आयुष्य सरासरीने कमी. २००२ साली ह्यूस्टनचे किअन आंग यांनी किरणोपचार घेतलेल्या १५५ रुग्णांच्या गाठी तपासल्या. ग्राही जास्त असलेल्यांत कर्करोग त्याच जागी पुन्हा उगवण्याचं प्रमाण अधिक होतं. म्हणजे तात्यांच्या प्रश्नाचं पहिलं, कडू उत्तर असं: फाटकावर गर्दी फार असेल तर आजार हट्टी असण्याचा संभव जास्त.

पण पेशीच्या पटलावर हा एकच पहारेकरी नाही. दुसऱ्या एका प्रथिनाची गोष्ट आपल्या मुंबईत लिहिली गेली आहे. कमलताईंनी रुजवलेल्या विद्येचं पुढचं फळ म्हणजे १९९० साली मुंबईच्या संशोधकांनी आपल्याच रुग्णांच्या तोंडातल्या गाठींपासून तयार केलेले पेशींचे वंश. त्यांतल्या, जिभेच्या गाठीतून आलेल्या एका वंशाचं नाव आहे एडब्ल्यू १३५१६. नाव रूक्ष आहे, पण त्यामागे मुंबईत उपचारासाठी आलेलं कोणी एक माणूस आहे. त्या माणसाच्या गाठीतल्या पेशी पुढे वर्षानुवर्षं संशोधकांच्या कामी येत राहिल्या.

परळची कर्करोग संशोधन संस्था २००२ साली नवी मुंबईत खारघरला गेली. तिला आज ‘ॲक्ट्रेक’ म्हणतात. तिथे डॉ. मिलिंद वैद्य यांच्या गटाने हाच पेशीवंश हाती घेतला. त्यांचा रस होता केराटिन या धाग्यासारख्या प्रथिनांत. आपले केस आणि नखं केराटिनचीच. त्याच्या अनेक जातींपैकी केराटिन ८ ही जात तोंडाच्या अस्तरात सहसा नसते, कर्करोगात मात्र ती दिसू लागते. ती नुसती बघ्याची भूमिका करते, की गाठीला मदतही करते? २०११ साली प्रसिद्ध झालेल्या प्रयोगांत या गटाने एडब्ल्यू १३५१६ पेशींमधलं केराटिन ८ दाबून टाकलं. पेशी मंदावल्या. त्यांचं सरकणं कमी झालं, शेजारच्या थरात घुसणं कमी झालं, गाठ धरण्याची ताकद घटली. आणि त्याबरोबर पटलावरचं एक प्रथिन घटलेलं दिसलं. त्याचं नाव अल्फा-सिक्स बीटा-फोर इंटिग्रिन.

हे इंटिग्रिन म्हणजे पेशीचा नांगर. निरोगी अस्तरात ते खालच्या थरात रुतून पेशीला जागेवर धरून ठेवतं. कर्करोगात तेच पेशीला पुढे सरकायला आणि आत निरोप पाठवायला मदत करू लागतं. नाव किनाऱ्याला बांधायचा दोर चोराने भिंत चढायला वापरावा, तसं. गाठ वाढणं ही एक गोष्ट आणि गाठीने जागा सोडून मानेतल्या गाठींपर्यंत पोचणं ही दुसरी. रुग्णाचं पुढे काय होणार, हे बऱ्याचदा दुसरीवर ठरतं. घरचा प्रश्न, घरच्या पेशी आणि घरच्याच प्रयोगशाळेत मिळालेलं उत्तर, म्हणून या कामाचं मोल मला अधिक वाटतं.

एकदा पहारेकरी ओळखला, की त्याचं तोंड बंद करण्याचा विचार ओघानेच आला. अमेरिकेत जॉन मेंडेलसोन आणि गॉर्डन सॅटो यांनी १९८० च्या दशकातच ईजीएफआरच्या बाहेरच्या टोकावर जाऊन बसणारं प्रतिपिंड तयार केलं होतं. त्यातून सेटुक्सिमॅब हे औषध आलं. २००६ साली त्याच्या मोठ्या चाचणीचा निकाल लागला. मान-डोक्याच्या कर्करोगाच्या ४२४ रुग्णांपैकी निम्म्यांना नुसते किरणोपचार दिले, निम्म्यांना किरणांसोबत हे औषध. नुसते किरण घेतलेल्यांचं मध्यम आयुष्य २९ महिने. औषध घेतलेल्यांचं ४९ महिने. जगभर आनंद झाला, आणि तो रास्तही होता.

मात्र त्या चाचणीचे नियम बारकाईने वाचले की एक गोष्ट खटकते. तीत घशाचे आणि स्वरयंत्राचे रुग्ण होते. मुखपोकळीचे, म्हणजे गालाचे, हिरडीचे, जिभेच्या पुढच्या भागाचे रुग्ण नव्हते. तिथल्या डॉक्टरांच्या दृष्टीने ते ठीकच होतं. त्यांच्यापुढे जसे रुग्ण येतात तसा त्यांनी प्रश्न घातला. पण आपल्याकडचा नेहमीचा रुग्ण तात्यांसारखा असतो. गाल आणि हिरडी यांच्या मधल्या खोबणीत जिथे तंबाखू धरतात, तिथला. त्याच्यासाठीचा प्रश्न आपल्यालाच विचारावा लागणार होता. आणि किमतीचा प्रश्नही.

२००६ सालीच बंगळूरच्या बायोकॉन कंपनीने निमोटुझुमॅब हे त्याच ग्राहीवर बसणारं दुसरं प्रतिपिंड भारतात आणलं. त्याचं मूळ क्यूबातल्या एका संशोधन संस्थेत. टाटा रुग्णालयाने त्याची कसून परीक्षा घेतली. २०१२ ते २०१८ या काळात मान-डोक्याच्या कर्करोगाच्या ५३६ रुग्णांना चिठ्ठ्या टाकाव्यात तसं दोन गटांत विभागलं. एका गटाला किरण आणि सिस्प्लॅटिन, दुसऱ्याला त्यासोबत निमोटुझुमॅब. २०१९ मध्ये निकाल प्रसिद्ध झाला. आजार आटोक्यात राहण्याचं प्रमाण औषधाने सुधारलं. एकूण आयुष्य नक्की वाढलं असं ठामपणे म्हणण्याजोगा फरक त्या पहिल्या निकालात दिसला नाही. फाटकावरच्या एका पहारेकऱ्याचं तोंड दाबलं तर कर्करोग दुसऱ्या दाराने निरोप पोचवतो, हे एव्हाना सगळ्यांना कळून चुकलं होतं.

मग लक्ष गेलं दुसऱ्या एका दारावर, आपल्याच प्रतिकारशक्तीच्या पेशींच्या. या पेशींच्या पटलावर पीडी-१ नावाचं प्रथिन असतं. जपानमध्ये क्योटो इथे तासुकु होंजो यांच्या गटाने ते १९९२ साली शोधलं. २०१८ चं नोबेल होंजो आणि जेम्स ॲलिसन यांना विभागून मिळालं. पीडी-१ हा प्रतिकारशक्तीचा ब्रेक. कर्करोगाची पेशी आपल्या पटलावर त्याचं जोडीदार प्रथिन वागवते, त्याने हा ब्रेक दाबते आणि चौकीदारांना गप्प बसवते. निवोलुमॅब हे औषध तो ब्रेक सुटा ठेवतं. औषध गुणी, पण किंमत अशी की आपल्याकडे मोजक्याच घरांना पेलावी.

इथे टाटा रुग्णालयाच्या डॉक्टरांनी खानोलकरांच्या परंपरेला शोभेल असं केलं. विजय पाटील, कुमार प्रभाष आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी आधी स्वस्त गोळ्यांपासून सुरुवात केली. मेथोट्रेक्सेट आणि सेलेकॉक्सिब ही दोन जुनी औषधं सांधेदुखीच्या रुग्णांच्याही परिचयाची. ज्यांचा आजार बरा होण्यापलीकडे गेला आहे अशा ४२२ रुग्णांवरच्या चाचणीत, घरी घेण्याच्या या गोळ्या शिरेतून दिल्या जाणाऱ्या सिस्प्लॅटिनपेक्षा सरस ठरल्या. मध्यम आयुष्य साडेसात महिने, सिस्प्लॅटिनचं सहा महिन्यांच्या आसपास. हा निकाल २०२० चा. मग त्यांनी या दोन गोळ्यांत ईजीएफआरला आतल्या टोकाकडून अडवणारी एर्लोटिनिब ही तिसरी गोळी घातली, आणि निम्म्या रुग्णांना त्यासोबत निवोलुमॅब दिलं, पण केवळ २० मिलिग्रॅम, तीन आठवड्यांतून एकदा. नेहमीच्या मात्रेच्या एक दशांशाहूनही कमी! एवढ्याशा थेंबाने काय होणार, असं कोणालाही वाटलं असतं. १५१ रुग्णांची ही चाचणी २०२२ साली जाहीर झाली. नुसत्या गोळ्या घेतलेल्यांपैकी वर्षभराने शंभरात १६ जण हयात होते; थेंबभर निवोलुमॅब मिळालेल्यांपैकी ४३.

हे आकडे बरं होण्याचे नाहीत, हेही स्पष्ट सांगायला हवं. ते आहेत शेवटच्या टप्प्यातल्या माणसांच्या पदरात पडलेल्या काही महिन्यांचे. पण ज्याच्या घरी लेकीचं लग्न तोंडावर आलं आहे, त्याला महिन्याची किंमत विचारा. प्रथिन शोधणं हे एक मोठं काम. ते ज्ञान गरिबाच्या खिशाला परवडेल इतक्या मात्रेत उतरवणं हे दुसरं मोठं काम. पहिलं बहुतांश बाहेर झालं. दुसरं आपल्याला करावं लागलं, कारण आपल्या वतीने ते दुसरं कोणी करणार नव्हतं.

आणि तिसरं काम अजून बाकी आहे. भारतात आजही वर्षाला ओठ आणि तोंडाच्या कर्करोगाचे एक लाख चाळीस हजारांवर नवे रुग्ण आढळतात. महाराष्ट्राने २००२ साली गुटख्यावर बंदी घातली. २००४ मध्ये सर्वोच्च न्यायालयात ती टिकली नाही. २०१२ साली नव्या अन्नसुरक्षा कायद्याच्या आधाराने ती पुन्हा आली. २०१६-१७ च्या पाहणीत महाराष्ट्रातले सुमारे चोवीस टक्के प्रौढ धूरविरहित तंबाखू वापरत होते. खानोलकरांचा हिशेब मांडून सात दशकं झाली. दुपारी जेवणाच्या सुट्टीत आयटी पार्कबाहेरच्या टपरीवर उभं राहून पाहिलं, तर सुगंधी सुपारीची पुडी फाडणारी पंचविशीतली मुलं दिसतात. पीडी-१ म्हणजे काय, हे त्यांना मोबाइलवर अर्ध्या मिनिटात सापडेल. स्वतःच्या गालात बोट फिरवून पाहायला मात्र त्यांना कोणी सांगितलेलं नाही. सुपारी एकटी, तंबाखूशिवायही, कर्करोगाला कारण होते, हे जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेने २००४ सालीच नोंदवून ठेवलं आहे.

तात्यांचं पुढे काय झालं? शस्त्रक्रिया झाली, डाव्या जबड्याचा काही भाग काढावा लागला, मग दीड महिना किरण. त्यांच्या आजाराने अजून मानेकडे मजल मारलेली नव्हती, हे त्यांचं नशीब. भाकरी आता दुधात कुस्करून खातात. बोलणं थोडं जड झालं आहे, पण बोलतात भरपूर.

परवा ओट्यावर त्यांच्याशेजारी बसून मी हा सगळा इतिहास थोडक्यात सांगितला. उंदराचे डोळे, फाटकावरची गर्दी, मुंबईच्या बाटलीतल्या पेशी. म्हटलं, ‘‘तात्या, त्या पॉझिटिव्हचं उत्तर आता देतो. ते चांगलंही नाही आणि वाईटही नाही. तुमच्या गालातल्या फाटकावर पहारेकरी किती झालेत, एवढंच त्या ओळीत लिहिलं होतं. गर्दी जास्त असली तर आजार हट्टी. पण गर्दी ओळखता आली म्हणून तिच्यावर औषधंही शोधता आली.’’

तात्यांनी ऐकून घेतलं. स्वतः फाटकावर बसलेला माणूस. त्यांना पहारेकऱ्याची गोष्ट माझ्याआधी कळली असावी. थोड्या वेळाने म्हणाले, ‘‘सर, वाचमन कवा वाढत्यात म्हाईत हाय का? रोज कुनीतरी फाटक ठोकाया लागलं की. दोन वर्षं म्याच ठोकत व्हतो.’’

घरी गेल्यावर आरशासमोर उभे राहा, बॅटरी लावा, गाल बोटाने बाहेर ओढून आतून बघा. न दुखणारा पांढरा किंवा लाल चट्टा, दोन आठवड्यांत न भरलेला व्रण, दिवसेंदिवस कमी उघडणारं तोंड यांतलं काही दिसलं, तर ते डॉक्टरांना दाखवा. पुणे जिल्ह्यातल्या लाखभर लोकांच्या तोंडात त्या माणसांनी पन्नास वर्षांपूर्वी अशीच बॅटरी धरली होती. आता ती आपल्या हातात आहे.

(आकाशवाणीवरील भाषणाचं संपादित रूप)